पिवळी फुली

लग्न झाल्यापासून मी विजेच्या सायकलींच्या बॅटऱ्यांमध्येच राहते. दुकान खाली, आम्ही वर. हाताला आम्लाचा वास, कपड्यांना बारीक बारीक भोकं, सगळं अंगवळणी पडलं. पण एका गोष्टीची जी किळस बसली ती काही गेली नाही. मेलेली बॅटरी उठवून विकणं. शी! नुसतं बोलतानासुद्धा तोंड कडू होतं.

कसं करतात ते सांगते. लोकांनी टाकून दिलेली बॅटरी घ्यायची. स्क्रूड्रायव्हरने वरचं झाकण उचकटायचं, आत भोकं असतात त्यांत सुईने पाणी सोडायचं, वर कसलं तरी 'औषध' टाकायचं आणि चार्जिंगला लावून द्यायची. ती आत खदखदत राहते, कुजक्या अंड्यांसारखी घाण सुटते. मग झाकण डिंकाने चिकटवायचं, डबा साबणाने घासायचा, वर कोरा करकरीत स्टिकर. मीटर लावलं की तेरा व्होल्ट दाखवते. गिऱ्हाईक खूश होऊन जातं.

आणि आत काय असतं? पत्र्यांवर पांढरं किटण. ते कुठल्या औषधाने जातंय! त्या किटणात वीज आतल्या आत अडते. आमच्या धंद्यात त्याला आतला रोध म्हणतात. सायकल उभी आहे तोवर बॅटरी भरलेली दिसते, सपाट रस्त्यावरही चालून जाते. चढ लागला, मोटारीने जोर मागितला, की तेराचे आठ होतात. बाहेर यायची ती वीज आतच जळते, डबा तापतो, सायकल मान टाकते. बाजूला घेऊन पाच मिनिटं थांबा, काटा पुन्हा वर. म्हणजे माणसाला वाटावं, चूक आपलीच. बडा घर पोकळ वासा, दुसरं काय.

माझा नवरा मंग गुओदोंग पूर्वी हे करायचा. मी घर डोक्यावर घेतलं तेव्हा थांबला. कान धरून कबूल केलं त्याने. तेव्हापासून टाकाऊ बॅटरी दुकानात आली की मी स्वतः ब्रश घेऊन तिच्या छातीवर पिवळी फुली मारते. दुसरा फराटा रागाने खालपर्यंत ओढते, डब्याच्या तळापर्यंत. अशी फुली मारलेली बॅटरी शिसं वितळवणाऱ्याकडेच जायची, दुसरीकडे नाही. आमच्या स्टिकरवर छापलंय तेच: मंगच्या दुकानात फक्त सीलबंद नवा माल. दक्षिण चीनमधल्या आमच्या नाननिंग शहरात घराघरात विजेची सायकल आहे, पण हे वाक्य छापायची हिंमत करणारी दुकानं बोटावर मोजण्याइतकी.

आता माझ्या माहेरचं ऐका. माझे वडील नोंग देफू, पंच्याहत्तरीचे. आमचं दुकान नदीच्या उत्तरेला, ते दक्षिणेला आमच्या जुन्या गावात राहतात. गाव कसलं, शहराने चारी बाजूंनी गिळलेलं. माझ्या मोठ्या भावाने, जिनशानने, तिथे जुनं घर पाडून सहा मजले चढवलेत आणि सगळीकडे भाडेकरू भरलेत. बाबांना तळमजल्यावरची एक खोली. आई गेल्यावर बाबांना एकच सुख उरलं होतं: रोज सकाळी विजेच्या सायकलवरून पूल ओलांडायचा, उत्तरेच्या बागेत जायचं आणि तिथल्या म्हाताऱ्या मंडळींबरोबर डोंगरगाणी म्हणायची. एका बाजूने बायका सवाल टाकणार, दुसऱ्या बाजूने पुरुष जवाब देणार. बाबांचा जवाब ऐकायला लोक थांबतात. घरात तोंडातून शब्द निघत नाही, तिथे मात्र चावटपणा विचारू नका.

जिनशानला हे खुपायचं. घराच्या तळमजल्यावर भाडेकरूंच्या सायकली चार्जिंगला लागतात, तिथे आग लागू नये म्हणून कोणीतरी बसून राहायला हवं. त्याला घरचा, फुकटचा, कुठेही न जाणारा पहारेकरी हवा होता. बाबांनी सायकल सोडावी म्हणून तो टपूनच होता. तोंडाने मात्र, "बाबा, तुमची काळजी वाटते." असल्या काळजीची मला ओकारी येते.

त्या वसंतात बाबांची पंच्याहत्तरी झाली. त्यांची बॅटरी थकली होती, तर जिनशानला कल्पना सुचली. सायकलला बारा-बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या लागतात आणि आम्ही भावंडंही चार. प्रत्येकाने आपापली एक बॅटरी द्यायची, वर लाल कागदावर आपलं नाव लिहून चिकटवायचं. मी म्हटलं, अरे बाबा, असं करत नाहीत. कारखान्यातून चार बॅटऱ्यांचा जोड येतो, चौघींचा आतला रोध सारखा बघून एकत्र बांधलेला. एक जरी अडणारी निघाली तरी उरलेल्या तिघींना घेऊन बुडते. वर्गणी काढून एक जोड घेऊ या. तर जिनशान हसला, म्हणाला, तुला काय, दुकानाचा माल खपवायचाय. चार मुलं, चार बॅटऱ्या, लोक नाव काढतील.

लोकांनी नाव काढलंच. मेजवानीच्या टेबलावर, डुकराच्या भाजलेल्या पाठीशेजारी, चार बॅटऱ्या मांडल्या. जिनशानने एकेकीला साधं मीटर लावलं. तेरा, तेरा, तेरा, तेरा. टाळ्या पडल्या. जेवणाच्या ताटाशेजारी बॅटऱ्या! मला घास उतरेना. पण गप्प बसले, कारण मी गुओदोंगला सांगितलं होतं की आपली फळीवरची कोरी घे, आणि आपली तरी चोख आहे याचं मला समाधान होतं. धाकटा भाऊ जिनहाइ दूर ग्वांगदोंग प्रांतात कारखान्यात असतो, त्याने कुरियरने पाठवली होती. सगळ्यात धाकटी सूयुन, तिने कापडात गुंडाळून आणली होती.

गुओदोंगने त्या दिवशी बाबांना स्वतः बॅटऱ्या बसवून दिल्या. बाबांच्या बागेतल्या मित्रमंडळींना ते इतकं आवडलं की त्यांनीही आमच्याकडच्याच बॅटऱ्या मागितल्या. म्हाताऱ्यांना दुकानापर्यंत हेलपाटा नको म्हणून गुओदोंग दुपारी बागेत जाऊन तिथेच बसवून यायचा. मी त्याला जाताना थंड चहाची बाटली भरून द्यायचे. नवरा सुधारला म्हणून देवापुढे उदबत्तीसुद्धा लावली.

चांद्र पंचांगाच्या सातव्या महिन्याच्या सुरुवातीला, ऊन नुसतं भाजत होतं तेव्हा, बाबा पुलावर पडले. सायकल चढावर मेली होती. ते ती ढकलत नेत होते आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. येणाऱ्याजाणाऱ्यांनी सावलीत बसवलं, पाणी पाजलं, त्यांच्या खिशातल्या फोनवरून जिनशानला बोलावलं. मी पोचले तेव्हा ते घरी पलंगावर होते, गुडघा खरचटलेला. सायकल कधीपासून मरतेय, असं विचारलं तर भिंतीकडे तोंड करून म्हणाले, फार दिवस नाही. शेजारीण म्हणाली, फार दिवस कसं नाही, तीन महिने झाले, रोज ढकलत जातात आणि ढकलत येतात.

जिनशानला तर आयतंच कोलीत मिळालं. तो म्हणाला, चौदाव्या तिथीला पितरांच्या सणाला सगळे जेवायला येणारच आहेत, त्या दिवशी सर्वांसमक्ष सायकल भंगारवाल्याला देऊन टाकू. म्हातारपण आलं ते मान्य करायला हवं. बाबांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. पण त्या दिवशी मी त्यांना जेवायला वाढलं तेव्हा त्यांनी ताट तसंच बाजूला सरकवलं, आणि मला कळलं की हा माणूस त्या चार्जिंगच्या खोलीत दारापाशी बसला तर वर्षभर काढायचा नाही.

मी विचार केला. जिनशान म्हणतो वय झालं. सपाट रस्त्यावर चालते, चढावर मरते, थांबलं की परत उठते, हे वयाचं लक्षण नाही, हे सडक्या बॅटरीचं लक्षण आहे. चारांतली एक आतून अडते आहे. ती कोणती हे सगळ्यांसमोर दाखवलं की जिनशानचं तोंड बंद. आणि कोणाची असणार हेही मला माहीत होतं. सूयुनची.

का, तर सांगते. सूयुन तीनचाकीवर आंबट फळं विकते. कैऱ्या, पेरू, मुळा, सगळं व्हिनेगर-मिरचीत मुरवलेलं. तिच्या अंगाला सतत तो आंबूस वास. नवरा सोडून गेलेला. घरातली प्रत्येक वस्तू कोणाची तरी जुनी. मला वाटलं, हिने कुठल्या तरी उकिरड्यावरून उचलून बापाच्या वाढदिवसाला दिली. मी तिला फोन केला आणि तोंडाला येईल ते बोलले. उकिरडा हा शब्दसुद्धा वापरला. ती एवढंच म्हणाली, "ताई, नवीच घेतली होती गं." मी फोन ठेवून दिला. खोटं बोलण्याचीही घाण वाटते मला.

चौदाव्या तिथीला आमच्याकडे लेकी बदक घेऊन माहेरी जातात. मेलेली माणसं बदकाच्या पाठीवर बसून नदी ओलांडतात म्हणे. मी एका हातात बदकाची टोपली आणि दुसऱ्या हातात पिशवीत भाराचं मीटर घेऊन गुओदोंगच्या मागे बसले. हे मीटर वेगळं. त्याला खाली दोन टोकदार पाय असतात, ते बॅटरीच्या दोन टोकांवर दाबले की आतली तार लालबुंद होते, म्हणजे बॅटरीवर चढासारखाच भार पडतो. इथे सोंग चालत नाही. पुलावरून जाताना गुओदोंग म्हणाला, सणाच्या दिवशी कशाला उकरून काढतेस, मी बाबांना गुपचूप एक जोड बसवून देतो. मी म्हटलं, गुपचूप कशाला, सूयुनची लाज काढल्याशिवाय मी आज जेवणार नाही. त्याने सायकलचा वेग वाढवला. आमची दुकानाची सायकल, नवा कोरा जोड घातलेली, पूल कशी चढली ते कळलंही नाही.

माहेरी गेलो तर अंगणात सगळे जमले होते. सूयुन मोरीशी बसून सुऱ्याने बदक तोडत होती, वहिनी लिंबाचं लोणचं आणि आलं चिरत होती, सणाला आलेला जिनहाइ फोनवर बोलत होता, जिनशान स्टूल टाकून चहा पीत होता. भंगारवाल्याला त्याने जेवणानंतरची वेळ दिलेली. मी टोपली ठेवली आणि सायकलपाशी गेले. बाबा तिथेच उभे होते, सीटवर हात ठेवून.

"आधी बदक खा," बाबा म्हणाले.

मी म्हटलं, बाबा, बाजूला व्हा. ते झाले नाहीत. मला त्यांचा हात उचलून बाजूला करावा लागला. पेटी उघडली, चारही बॅटऱ्या बाहेर काढून फरशीवर ओळीने मांडल्या. लाल कागद एकावरही नव्हते. बाबा म्हणाले, पावसाने गळाले. पेटी तर सहा स्क्रूंनी बंद होती, आत पाऊस जाणार कसा? पण रागाच्या भरात माझ्या ते ध्यानातच आलं नाही.

मी जिनशानला हाक मारली, म्हटलं, ये, आता बघ तुझे तेरा-तेरा. साधं मीटर लावलं तर अजूनही चारही बाराच्या वर, एकीपेक्षा एक शहाण्या. मग भाराचं मीटर लावलं. पहिली साडेअकरावर आली आणि तिथे टेकली. दुसरी सव्वाअकरावर. तिसरी पुन्हा साडेअकरावर. तार तापून घाण वास सुटला होता. चौथीवर पाय दाबले आणि काटा धाडकन खाली आला. आठ, सात, पाच. आतून चुळचुळ आवाज. तिचं पोट फुगलेलं होतं आणि कोपऱ्यातून चिकट पाणी पाझरत होतं. सगळे पाहत होते. वहिनीने तोंडाला पदर लावावा तसा एप्रन लावला.

मी उठले, सूयुनकडे वळले आणि म्हटलं, "बघून घे. बापाला दिलेली भेट."

सूयुन सुरा धरून उभी राहिली. चेहरा पांढरा पडला होता. ती पुढे आली, वाकली, ती बॅटरी हातात घेऊन फिरवून बघू लागली. मी तिच्या हातून हिसकावली, कारण तिने ती कुठे दडवून टाकू नये. तेवढ्यात माझा अंगठा स्टिकरच्या कडेत गेला. बॅटरी तापून तापून स्टिकर मोकळा झालेला होता, आणि कोणीतरी तो परत चिकटवला होता. कशाने? चिकट भाताने. वाळलेली शितं, त्यांतलं एक जांभळं, वसंतातल्या सणाच्या रंगीत भातातलं. मांडताना ही बाजू भिंतीकडे राहिली होती, म्हणून आता वाचला: स्टिकर आमच्याच दुकानाचा होता. मंगच्या दुकानात फक्त सीलबंद नवा माल.

मी तो ओढून काढला. खाली पिवळी फुली होती, आणि दुसरा फराटा तळापर्यंत ओढलेला.

सूयुन माझ्या अगदी जवळ होती. तिनेही पाहिली. तिने जिनशानच्या बाजूला पाठ केली, आपला एप्रन त्या बॅटरीवर ओढला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "ताई, झाक. दादा बघतोय."

अख्ख्या आयुष्यात मला कोणी असं मारलं नव्हतं. जिला मी उकिरडा म्हटलं ती माझी अब्रू झाकत होती. मला माझ्याच हातांची शिसारी आली. मी एप्रन बाजूला केला, ती बॅटरी फुली वर करून अंगणाच्या मधोमध ठेवली आणि सर्वांना ऐकू जाईल असं म्हटलं की ही माझी आहे. सूयुनची नाही, आमच्या दुकानातली आहे.

जिनशानच्या ओठांवर हसू येत होतं ते त्याने चहाच्या पेल्यात लपवलं. मी गुओदोंगकडे पाहिलं. तो बदकाच्या टोपलीकडे पाहत होता. काय झालं ते त्याने जमिनीकडे बघत सांगितलं. फळीवर कोरे जोड होते, पण एक बॅटरी द्यायची म्हणजे चारांचा जोड फोडायचा. उरलेल्या तिघी कोण घेणार? "मी त्या तिघींचं काय लोणचं घालू?" असं तो म्हणाला, आणि हे त्याला अगदी रास्त वाटत होतं. म्हणून त्याने मागच्या ढिगातली एक फुलीवाली उचलली, माझी पाठ असताना उठवली, घासली, आणि स्टिकर लावून माझ्याच हातात दिली. मी ती लाल कागदावर नाव लिहून सगळ्यांसमोर बापापुढे ठेवली होती, दोन्ही हातांनी, वाकून.

आपलेच दात, आपलेच ओठ.

मग मी एक काम केलं. आमची दुकानाची सायकल अंगणात आणली, तिची पेटी उघडली, आतला कोरा जोड उपसला आणि बाबांच्या सायकलला बसवला. तिघा भावंडांच्या तीन आणि ती फुलीवाली आमच्या पेटीत घातल्या. गुओदोंग म्हणाला, अगं, यावर आपण पूल कसा चढणार? मी म्हटलं, आपण नाही, तू. ढकलत.

जिनशान अजून सोडायला तयार नव्हता. बॅटरी गेली खड्ड्यात, तो म्हणाला, बाबांचं वय तर खरं आहे ना. मला वाटलंच होतं. मी म्हटलं, आत्ता पुलावर चल. मी मागे बसते, साठ किलोची. बाबा मला घेऊन न थांबता पूल चढले तर सायकल त्यांची, नाही चढले तर तुझ्या भंगारवाल्याची. जेवण तसंच टाकून सगळे निघाले. सूयुनने तिच्या तीनचाकीवर वहिनीला घेतलं. गुओदोंग मागून ढकलत येत होता, त्याच्याकडे कोणी वळूनही पाहिलं नाही.

बाबांनी हँडल धरलं. चढ सुरू झाला तशी त्यांची पाठ ताठ झाली, सवयीने. तीन महिने ज्या जागी सायकल मरायची ती जागा त्यांच्या पाठीला माहीत होती. ती जागा आली आणि गेली. मोटारीचा आवाजही बदलला नाही. मागे जिनशानची गाडी होती, त्याने एकदा हॉर्न वाजवला आणि मग मधूनच वळून घरी निघून गेला. सायकल बाबांची राहिली. मला रडू यायला हवं होतं, पण माझ्या तोंडात अजून ती कुजकी चव होती.

पुलाच्या माथ्यावर मी त्यांना विचारलं की फुली कधी दिसली. ते म्हणाले, पहिल्याच महिन्यात. सायकल मेली म्हणून पेटी उघडली तर एक डबा चटका बसेल इतका तापलेला, स्टिकर सुटलेला. त्यांनी भाताने तो चिकटवला आणि चौघांचीही नावं काढून टाकली. मग सांगितलं का नाही, असं मी जवळजवळ त्यांच्या कानात ओरडले. सांगितलं असतं तर जावयाशी भांडली असतीस, ते म्हणाले, आणि भावांपुढे खाली मान घातली असतीस. मी ढकलत होतो ते काय फार नाही.

उतार लागला होता.

"आणि लान, पोरी," ते म्हणाले, "बागेतल्या सगळ्यांना मीच सांगितलं होतं ना, माझ्या लेकीच्या दुकानातून घ्या म्हणून."

मी विचारलं, ते येतात का अजून. ते म्हणाले, उत्तरेकडचे येतात. पुलापलीकडच्या दोघी, ज्यांना पूल चढावा लागतो, त्या येईनाशा झाल्या. बायकांच्या बाजूला आता सवाल टाकायला माणसं कमी पडतात. हे त्यांनी इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मला त्यांचीही चीड आली. माझं नाक कापलं जाऊ नये म्हणून हा माणूस गप्प बसला, आणि त्या बायका घरी बसल्या.

बागेत सण असूनही पाचसहा जणं वडाखाली जमली होती. बाबांना सायकलवरून येताना पाहून टाळ्या वाजल्या. झाडाच्या बुंध्याशी त्यांच्या सायकली ओळीने उभ्या होत्या. मी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला आणि पहिल्या सायकलशी बसले. ती एका चष्मेवाल्या आजीची होती, तिला सगळे तान मावशी म्हणतात. ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि कौतुकाने बोलू लागली.

"तुझ्या नवऱ्याने इथे येऊन बसवून दिली हो, फार सालस आहे. तशी चांगली आहे, फक्त रेल्वेच्या पुलाच्या चढावर दमते. मुलगा म्हणतो, बॅटरी नाही दमत, तूच म्हातारी झालीस, आता सायकल सोड. खरंच असेल त्याचं."

मी पेटी उघडली. चार डबे, चारांवर आमचा स्टिकर, स्वच्छ, लाल. पहिल्याच्या कडेत नख घातलं आणि ओढला. पिवळी. दुसरा ओढला. पिवळी. तिसऱ्याच्या खाली फराटा इतका खालपर्यंत ओढलेला होता की मला तो दिवसही आठवला, त्या दिवशी मी फारच चिडले होते. तान मावशी वाकून बघत विचारत होती, हे काय गं, नक्षी आहे का.

मी गुओदोंगला फोन लावला. तो पुलाच्या चढावर होता, धापा टाकत होता, म्हणाला, मध्यावर आलोय, पाय चालत नाहीत. मी म्हटलं, सायकल घेऊन तसाच दुकानात जा. फळीवरचे कोरे जोड खाली काढ, हातगाडीत भर आणि इथे वडाखाली घेऊन ये.

"किती?" त्याने विचारलं.

मी ओळीकडे पाहिलं. अजून पाच सायकली उभ्या होत्या, आणि पुलापलीकडच्या दोन घरी होत्या.

"सगळे," मी म्हटलं, आणि दुसऱ्या सायकलचे स्क्रू काढायला लागले.